चोविसावा हंस

नकली हंस कपडे धुवायच्या पावडरीने धुवू नयेत. हे वाक्य शिकारीच्या परवान्यावर ठळक अक्षरांत छापायला हवं. बाकी सगळं तिथे छापलेलं आहे. बंदुकीत एका वेळी तीनच काडतुसं, शिशाचे छर्रे नकोत, सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तापर्यंत, वगैरे वगैरे. धुण्याबद्दल एक अक्षर नाही. मी बत्तीस वर्षं आमच्या गावच्या कचेरीत कारकून होतो. जे मनाई म्हणून छापलेलं नाही ते करायला माझी कधीच हरकत नसते.

पण मी मधूनच सुरू केलं. हे प्रकरण पावडरीपासून नाही, म्युरिएल टेटपासून सुरू झालं. आमच्याकडची बहुतेक प्रकरणं तिच्यापासूनच सुरू होतात.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी आमच्या चर्चच्या तळघरात शिकारीचं जेवण असतं. कुणी हरणाचा रस्सा आणतं, कुणी सशाचा पाय आणतं, म्हणजे तंगडी नव्हे, पिठाच्या पारीत सारण भरून भट्टीत भाजतात तो पाय. ज्यांना काहीच मारता येत नाही ते कोबीची कोशिंबीर आणतात आणि तिच्याबद्दल फार बोलतात. पहिल्या टेबलावर मधोमध मात्र भाजलेला रानहंस. हंस म्हटल्यावर मोती वेचणारा तो गोष्टीतला पांढरा पक्षी डोळ्यांपुढे आणू नका. हा काळ्या मानेचा, करड्या अंगाचा, भांडखोर, मक्याचे दाणे खाणारा आणि चर्चच्या हिरवळीवर घाण करून ठेवणारा हंस आहे. त्याला खाण्यात धर्माच्या दृष्टीने काही गैर नाही, उलट थोडं पुण्यच आहे. ज्या घरचा हंस, त्या घरचं माणूस मधल्या खुर्चीवर बसतं आणि त्याने सुरी लावल्याशिवाय तळघरात कुणी काटा उचलत नाही. सव्वीस वर्षं तो हंस आमच्या घरचा होता. मारायची माझी बायको ऑड्री, भाजायची ऑड्री, कापायची ऑड्री. मी पिसं काढायचो आणि टेबलाशी तिच्या शेजारी बसून ताटली धरायचो.

फेब्रुवारीत ऑड्री गेली. एप्रिलमध्ये जेवणाच्या समितीची बैठक होती. सात महिने आधी बैठक घेते म्हणूनच म्युरिएल अध्यक्ष आहे. तिने माझ्या हातावर हात ठेवला, तेव्हाच मला धोका कळायला हवा होता.

"विल्फ्रेड, यंदा तुम्ही काळजी करू नका," ती म्हणाली. "माझी वहिनी टर्की आणणार आहे."

टर्की म्हणजे दुकानातली. पायांना दोरी बांधलेली असते ती. ऑड्रीच्या निळ्या भांड्याच्या जागी ती दोरी येऊन बसणार होती. मी म्हणालो, हंस आमच्याच घरून येईल. माझा शेजारी क्लेटन खोकला. मी आयुष्यात मारलेला सगळ्यात मोठा प्राणी म्हणजे उंदीर, आणि तोसुद्धा सापळ्याने मारला होता. मेलेला बाहेर टाकायला ऑड्री गेली होती.

परवान्याच्या शिकवणीला मी गेलो. दोन दिवसांची शिकवणी, शेवटी परीक्षा. लेखी परीक्षेत मला शंभरपैकी शंभर मिळाले, कारण प्रश्नपत्रिकेतल्या दोन चुका मी मास्तरांना दाखवून दिल्या. हातात बंदूक घेऊन कुंपण कसं ओलांडावं या प्रात्यक्षिकात मात्र मी कुंपणाला "माफ करा" म्हणालो. मास्तरांनी पास केलं. त्यांना मी परत नको होतो.

मग बंदूक. बंदूक ऑड्रीच्या नावावर. ती माझ्या नावावर करायची तर मूळ मालकाने स्वतः सही करावी, असं दूरच्या एका सरकारी कार्यालयातून पत्र आलं. मी उलट टपाली कळवलं की मूळ मालक सध्या चौथ्या रस्त्यावरच्या दफनभूमीत, ओकच्या नव्हे, मेपलच्या झाडाखाली आहे आणि सही करण्याची तिची तयारी दिसत नाही. झाडाचा तपशील मी उगाच लिहिला, पण पत्र पूर्ण असावं अशी माझी सवय. तीन आठवड्यांनी क्लेटन दारात आला. दफनभूमीचं गवत कापायचं काम त्याच्याकडे आहे. त्याच्या हातात लिफाफा होता.

"ऑड्रीचं टपाल," तो म्हणाला. "तिकडच्या फाटकाला अडकवून गेला पोस्टमन."

आत लिहिलं होतं: आपला पत्ता बदलल्याची नोंद घेतली आहे.

मला राग यायला हवा होता. पण खरं सांगतो, तसं पत्र मीही कधीतरी लोकांना पाठवलेलं असणार. मी मृत्यूचा दाखला पाठवला, तीन प्रतींत, आणि ऑगस्टच्या अखेरीस बंदूक माझी झाली.

आता शेत. आमच्याकडे शेतं लहान, आणि लहान शेतात हंस मारायचा तर मालकाच्या दारात जाऊन परवानगी मागावी लागते. वीस वर्षं तेच शेत, तोच मालक असला तरी दर वर्षी नव्याने मागायची. ऑड्री एनॉस बॉमनच्या शेतात जायची. एनॉस मेनोनाइट या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती पंथाचा, घोडागाडीतून हिंडणारा, घरात फोन नाही. ती त्याच्याकडे सफरचंदाचा पाय घेऊन जायची. मी एक अर्ज टाइप करून नेला. शेताची चतुःसीमा, मुदत, अटी, खाली दोन सह्यांच्या जागा. आणि गेलो दूध काढायच्या वेळी.

एनॉसने गाईखालून वर न बघता विचारलं, काय हवंय. मी सांगितलं. तो म्हणाला, या. मी अर्ज पुढे केला. तो म्हणाला, हो म्हटलंय ना, मग सही कशाला. मी म्हणालो, उद्या काही वाद झाला तर. त्याने थोडा विचार केला आणि विचारलं, "आपल्यात कसला वाद व्हायचाय?" याला माझ्याकडे रकाना नव्हता. फाटक लावून घ्या, गाईंच्या दिशेने उडवू नका आणि रविवारी येऊ नका, एवढ्या त्याच्या अटी. निघताना त्याने पाय आणलाय का, असं माझ्या हातांकडे पाहिलं. तो अर्ज गाईने खाल्ला, असं नंतर कळलं.

आता धुणं. ऑड्रीची नकली हंसांची पोतडी गॅरेजमध्ये होती. वरून जाणाऱ्या खऱ्या थव्याला भुलवायला शेतात मांडायचे, प्लॅस्टिकचे, पोकळ पाठीचे, आतून डब्यासारखे, खाली पाय रोवायची खुंटी. सगळे वर्षानुवर्षांच्या चिखलाने माखलेले. ती नेहमी म्हणायची, माझे दोन डझन. मी मोजले तर तेवीस. पुन्हा मोजले. कारकून माणूस तिसऱ्यांदाही मोजतो. तेवीसच.

मी त्यांना बादलीत घालून पावडरीने घासले, पाठीचा चिखल काढला आणि कपड्यांच्या दोरीवर माना अडकवून वाळत घातले. धुताना मला कळलं की प्रत्येकाच्या पोटात, आतल्या बाजूला, ऑड्रीने जाड पेनने नाव लिहिलं होतं. मान वर काढून पहारा करणारे तीनच होते: एक म्युरिएल, एक आमचे पाद्री आणि एक कर आकारणीवाला. पंखात डोकं खुपसून झोपलेला क्लेटन. दोन भांडणारे म्हणजे टेट बंधू. एका बुटक्या हंसावर बिस्किट लिहिलं होतं. बिस्किट हा म्युरिएलचा कुत्रा, तीन वर्षांपूर्वी वारला. सगळं गाव दोरीवर लटकत होतं. मी माझं नाव शोधलं. सगळ्यांच्या पोटात बघितलं, दोनदा. नव्हतं.

आता तुम्हीच सांगा. अडतीस वर्षांचा संसार. पिसं मी काढली, ताटली मी धरली. कुत्र्याचं नाव हंसाला आणि नवऱ्याचं नाही. मी दोरीखाली स्टूल टाकून बसलो. ज्या माणसाला विचारायचं ते चौथ्या रस्त्यावर, आणि तिकडे टपाल जातं पण उत्तर येत नाही.

क्लेटन कुंपणापाशी आला, बराच वेळ लटकलेल्या हंसांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "झकास. आता लांबूनसुद्धा दिसतील." मग घरी गेला आणि बायकोला बघायला घेऊन आला. मला वाटलं कौतुक आहे.

सल्ला द्यायला मात्र तो रोज यायचा. हंस वाऱ्याकडे तोंड करून उतरतो, म्हणून पुढे मोकळी जागा ठेव. लपण शेताच्या अगदी मध्ये घाल. पिपाणी पोटातून वाजव. हंसासारखा आवाज काढायची ऑड्रीची लाकडी पिपाणी मी महिनाभर संध्याकाळी स्वयंपाकघरात वाजवत होतो. ऑड्री वाजवायची तेव्हा थवा यायचा. माझ्याकडून उचकी लागलेल्या गाईचा आवाज यायचा. एकदा क्लेटनने खिडकीशी येऊन माझं पोट साफ होतंय ना, अशी चौकशी केली. तिसऱ्या आठवड्यात मला एक सूर नीट लागला आणि त्याला टेटांच्या गाढवाने उत्तर दिलं.

यंदा पाऊस लांबला, एनॉसचा मका उशिरा कापला गेला, आणि जेवणाला अकरा दिवस उरले तेव्हा कुठे शेतात नुसती धसकटं राहिली. मी रोज पहाटे जायचो. तेवीस हंस मी दोन ओळींत लावले, उंचीप्रमाणे, शाळेच्या फोटोसारखे. म्युरिएल पुढे मध्यभागी. मग शेताच्या मधोमध लपणात उताणा पडायचो, अंगावर धसकटं ओढून, आणि पिपाणी वाजवायचो.

हंस यायचे. नाही असं नाही. उत्तरेकडून शे-दीडशेची रांग यायची, खाली झुकायची, माझ्या डोक्यावर एक फेरी मारायची, आणि मग सगळे एकदम ओरडत असे काही वळायचे जसं काही कुणी जेवणात मेलेली पाल बघितली. पहिल्या दिवशी मी म्हटलं, वारा. दुसऱ्या दिवशी म्हटलं, पिपाणी. चौथ्या दिवशी मी पिपाणी घरी ठेवली. ते आणखी वरून वळले.

आणि मधे रविवार आला. चर्चहून येताना मी एनॉसच्या शेतापाशी गाडी थांबवली. माझ्या लपणाच्या जागेवर, जिथे मी चार दिवस पाठ गारठवत पडलो होतो, तिथे एकशेचाळीस हंस बसले होते. मोजले. काही झोपले होते. एक तर माझ्याकडे बघून खात राहिला. त्यांना ठाऊक होतं. आमच्या हद्दीत रविवारी बंदूक चालवायची का, हे गावाने ठरवायचं असतं, आणि गावाने नको ठरवलं होतं. तो ठराव मी टाइप केला होता. शेवटच्या वाक्यात "कोणत्याही परिस्थितीत" हे शब्दही मीच घातले होते, भारदस्त दिसावं म्हणून. मी गाडीत बसून माझ्याच ठरावाकडे बघत राहिलो. तो चोचीने दाणे टिपत होता.

असे नऊ दिवस गेले, रविवार वजा. शनिवार उजाडला. संध्याकाळी जेवण. म्युरिएलने आदल्या दिवशी फोन करून सांगितलं होतं की टर्की तयार ठेवायला वहिनीला सांगितलंय, उगाच दडपण घेऊ नका.

त्या सकाळी वारा फिरला होता, धुकं होतं. मधली जागा सोडून मी शेताच्या कडेला, चराजवळ लपण घालायचं ठरवलं. तेवीस जण मांडून झाले, बंदूक भरली आणि चराच्या काठाने खाली वाकून चाललो. आणि थांबलो. वीस पावलांवर, उंच वाळक्या गवतात, एक हंस. मान खाली, दाणे टिपत असलेला. एकटा. माझ्याकडे पाठ.

मी श्वास धरला. मी त्याला मनातल्या मनात माफ करा म्हणालो, कुंपणाला म्हणालो होतो तसंच. मग बार काढला.

हंस उडाला नाही, फडफडला नाही, ओरडला नाही. तो एका अंगावर पडला आणि ठक असा आवाज आला.

त्याच क्षणी पलीकडच्या तळ्यावरून, जिथे मला काहीच दिसलं नव्हतं, दोनेकशे हंस उठले आणि धुक्यातून माझ्या डोक्यावरून शेजारच्या गावाच्या हद्दीत निघून गेले. मी वर बघत उभा राहिलो. बंदुकीत अजून दोन काडतुसं होती, हे मला ते दिसेनासे झाल्यावर आठवलं.

एनॉस गोठ्यातून चालत आला. घाई नाही. आधी तो माझ्या दोन ओळींपाशी थांबला.

"हे धुतलेत?" त्याने विचारलं.

मी हो म्हणालो. कशाने, तेही सांगितलं. त्याने टोपी मागे सारली. पावडरीने कपडे जसे लखलखतात तसे हे पाखरांना लखलखलेले दिसतात, आपल्याला दिसत नाही पण त्यांना दिसतं, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे, असं तो म्हणाला. शिवाय हे असे ओळीत, जणू प्रवचन ऐकतायत. ऑड्री त्यांना चार इकडे, पाच तिकडे असं सोडून द्यायची, नुकतंच भांडण मिटल्यासारखं. मी विचारलं, मला नऊ दिवसांत सांगितलं का नाहीत. तो म्हणाला, तुम्ही विचारलं नाहीत. मला वाटलं हेही तुमच्या अर्जात असेल.

मग आम्ही चराशी गेलो. पडलेला हंस प्लॅस्टिकचा होता. चिखलाने माखलेला, पाठीत छर्ऱ्यांची अकरा भोकं.

"हा गेल्या नोव्हेंबरपासून इथेच आहे," एनॉस म्हणाला. "ऑड्री इथेच पडायची, या गवतात. याला कायम शेजारी ठेवायची. शेवटच्या दिवशी म्हणाली, राहू दे त्याला, पुढच्या वर्षी परत कोण ओढून आणणार. मी त्याच्या कडेने नांगरतो."

मी तो उचलून उलटा केला. आत जाड पेनने लिहिलं होतं: विल्फ.

धुकं होतं त्या दिवशी. धुकं डोळ्यांत जातं. मी चराच्या काठावर बसलो. एनॉस उभाच राहिला. "ती याच्याशी बोलायची," तो म्हणाला.

"काय बोलायची?"

एनॉस खोटं बोलत नाही, त्यांच्यात चालत नाही. त्याने आठवून बघितलं.

"बहुतेक वेळा गप पड म्हणायची," तो म्हणाला. "कधी कधी सँडविच कसं झालंय ते सांगायची."

मी अडतीस वर्षांत एकदाही शिकारीला गेलो नव्हतो. असं मला वाटत होतं.

दुपारी मी ऑड्रीची सारणाची चिठ्ठी काढली. शिळा पाव, कांदा, सेलरी, सेजची पानं, लोणी पुरेसं. पुरेसं म्हणजे किती, हे सांगणारी व्यक्ती उपलब्ध नव्हती. मी पावकिलो घातलं. निळ्या भांड्यात सारण भाजलं, आणि त्यावर, अंगावरचा चिखल फडक्याने टिपून, चोविसावा हंस पालथा घातला. पोकळ असल्यामुळे झाकणासारखा नेमका बसला. पावडर लावली नाही. मी एकदा शिकलो की शिकलो.

तळघरात दीडशे माणसं होती. मी भांडं पहिल्या टेबलावर मधोमध ठेवलं. टर्की दोरीसकट शेजारच्या टेबलावर वाट बघत होती. म्युरिएलने वरचं फडकं काढलं. तिच्या मागची रांग एकेक करून पुढे वाकली.

"विल्फ्रेड," ती हळूच म्हणाली, "हा प्लॅस्टिकचा आहे."

मी तिला भिंतीवरचे नियम वाचायला सांगितले. मोठ्याने. ते नियम सव्वीस वर्षांपूर्वी मीच टाइप केले होते. म्युरिएलने चष्मा लावला आणि वाचलं: हंस त्या घरच्या सभासदाने, गावाच्या हद्दीतील शेतात, कायदेशीर दिवशी, स्वतः बंदुकीने मारलेला असावा. ती तिथेच थांबली. पुढे काही नव्हतं. जिवंत हा शब्द मी घातला नव्हता. भारदस्त शब्द घालायची हौस मला तेव्हा लागलेली नव्हती. मी तिला अकरा भोकं दाखवली. क्लेटन मागून म्हणाला की बार त्याने ऐकला, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, आणि वार शनिवार आहे याबद्दल त्याची खात्री आहे.

म्युरिएल हरणाऱ्यांतली नाही. काहीतरी खोट सापडेल म्हणून तिने हंस उचलून उलटा केला. सारणाची वाफ तिच्या चष्म्यावर बसली. तिने चष्मा पुसला आणि आतलं नाव वाचलं. बराच वेळ वाचलं, इतकं ते लांब नव्हतं.

"हे ऑड्रीचं अक्षर," ती म्हणाली.

"तुमचंही नाव आहे एकावर," मी म्हणालो. "मान वर काढलेला."

"म्हणजे नऊ दिवस थंडीत पडून," क्लेटन म्हणाला, "विल्फने एकच शिकार केली, आणि तीही विल्फची."

तळघर हसलं. पाद्री सगळ्यात मोठ्याने हसले, दोरीवर त्यांचंही नाव होतं हे त्यांना अजून माहीत नव्हतं. म्युरिएलने हंस परत नीट बसवला, चोच सरळ केली आणि मधली खुर्ची मागे ओढली.

"कापा मग," ती म्हणाली.

मी सुरी हंसाच्या पाठीवर टेकवली, रिवाज म्हणून, आणि मग त्याला उचलून बाजूला ठेवलं. सारण वाढलं. शेजारची ताटली मला स्वतःलाच धरावी लागली. एवढी एकच गोष्ट दोन हातांना जमत नव्हती, तेव्हा म्युरिएलने ती धरली. लोणी जास्त झाल्याचं तिने दोनदा सांगितलं. टर्कीही संपली. दोरी उरली.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी चर्चला गेलो नाही. बंदूक कपाटात ठेवून, सफरचंदाचा पाय घेऊन एनॉसच्या दारात गेलो. पाय दुकानातला होता, पण त्याने घेतला. रविवारी शेतात नुसतं पडायला चालतं का, असं मी विचारलं, या वेळी तोंडी. मग चराच्या काठी चोविसावा हंस त्याच्या जागी रोवला आणि त्याच्या शेजारी गवतात पडलो.

ते दहाच्या सुमाराला आले. फेरी मारली नाही, वळले नाहीत, सरळ पाय सोडून खाली. मोजणं शक्य नव्हतं, मान हलवली असती तर उडाले असते. माझ्या बुटांपाशी दोघं भांडत होते. एका हंसाने विल्फच्या पाठीवरच्या भोकांत चोच घालून बघितली आणि मग माझ्याकडे बघितलं. मला खोकला येत होता, उजव्या पायाला मुंग्या आल्या होत्या, आणि घरून आणलेलं सँडविच पाठीखाली चेपलं होतं. ते फारसं बरं झालेलं नव्हतं. ते तिला सांगावंसं वाटत होतं. पण या जागेवर माझ्यासाठी काय हुकूम आहे ते मला आता ठाऊक होतं, आणि तो मी पाळला. गप पडून राहिलो.